हुसेनसागरच्या काठावरचं रोम

सिकंदराबादहून जुन्या हैदराबादकडे निघालं की राणीगंज संपताच रस्ता एकदम मोकळा होतो. उजव्या हाताला हुसेनसागरचं पाणी, पाण्याच्या मधोमध उभा बुद्ध आणि रस्त्याच्या कडेने एकामागून एक पुतळे. हा टँक बंड, म्हणजे कुतुबशाहीत सोळाव्या शतकात घातलेला तलावाचा बांध. 'बंड' म्हणजे इथे फक्त बांध. मराठी कानाला मात्र त्यात दुसराच अर्थ ऐकू येतो, आणि १० मार्च २०११ रोजी या रस्त्याने तोही अर्थ पाहिला. त्या दिवसाकडे पुढे येतोच.

गावाकडून पाहुणे आले की मी त्यांना इथे फिरायला आणतो. सगळे आधी चेहरा बघतात, मग खालची पाटी, मग फोटो काढून पुढच्या पुतळ्याकडे वळतात. मी त्यांना सांगतो, पाय बघा. चौथरा बघा. हात कुठे वळलाय ते बघा. आणि हा पुतळा कुणी बसवला, कोणत्या साली, ते आधी विचारा. रस्त्यावरचा पुतळा एका माणसाची आठवण सांगतो, पण त्याहून जास्त तो हक्क सांगतो. ही जागा, हा इतिहास, ही भाषा कुणाची, याचा हक्क. दगड आणि धातूत हक्क सांगण्याची ही रीत रोमने इतकी पक्की केली की दोन हजार वर्षांनंतरही हुसेनसागरच्या काठावर आपण तिचीच अक्षरं गिरवतो आहोत.

त्यातला पहिला धडा व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. १८६३ साली रोमजवळ प्रिमा पोर्ता इथे, सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या वाड्याच्या जागी एक संगमरवरी पुतळा सापडला. उंची दोन मीटरच्या थोडी वर. ऑगस्टस चिलखत घालून उभा आहे, उजवा हात वर उचललेला, जणू समोरच्या सैन्याशी बोलतोय. चिलखतावर छातीच्या बरोबर मध्ये एक पार्थियन माणूस रोमनांचं निशाण परत देताना कोरला आहे. ही निशाणं इ. स. पू. ५३ मध्ये कार्हेच्या लढाईत क्रॅससच्या पराभवात गेली होती. इ. स. पू. २० मध्ये ऑगस्टसने ती वाटाघाटी करून परत आणली. लढाई न करता मिळवलेलं हे यश त्याने छातीवर मिरवलं. वर आकाशदेव, खाली समृद्धीचं शिंग घेतलेली धरणीमाता, म्हणजे सगळं विश्व या घटनेला साक्षी. उजव्या पायाशी डॉल्फिनवर बसलेला छोटा मदन आहे. त्याचा अर्थ, हे घराणं थेट व्हीनस देवीपासून आलेलं. आणि एवढं चिलखत घातलेल्या सेनापतीचे पाय अनवाणी आहेत. अनवाणी पाय देवांचे आणि पुराणातल्या वीरांचे. चेहराही तरुण, ऑगस्टस पंचाहत्तरी ओलांडून वारला, तरी दगडात तो कधी म्हातारा झाला नाही. हा पुतळा मुळात रंगवलेला होता. आज जो शुभ्र संगमरवर आपण रोमची ओळख म्हणून डोळ्यांपुढे आणतो, त्याच्यावर तेव्हा लाल, निळे रंग चढवलेले होते.

याच ऑगस्टसने आपल्या कारकिर्दीच्या जाहीर वृत्तांतात लिहून ठेवलं आहे, की रोममध्ये उभे असलेले आपले जवळपास ८० चांदीचे पुतळे त्याने स्वतःच काढवले आणि त्या पैशातून अपोलोच्या मंदिराला सोन्याचं दान दिलं. पुतळा उभारण्याने जेवढं साधतं तेवढंच कधी कधी तो उतरवण्याने साधतं, हे ज्याला कळलं तो राज्यकर्ता किती सावध असेल!

सम्राट सगळीकडे जाऊ शकत नव्हता, त्याचा पुतळा मात्र प्रत्येक प्रांतात पोचत होता. पुतळ्यापाशी घडलेली गोष्ट सम्राटासमोर घडल्यासारखी मानली जाई. मालकाच्या छळाला कंटाळलेला गुलाम पळत येऊन सम्राटाच्या पुतळ्याशी आश्रय मागू शकत असे, आणि कायदा त्याची दखल घेई. आपल्याकडे धरणं धरायचं झालं तर माणसं गांधींच्या किंवा बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी जाऊन बसतात. मला यात फार जुनी नाळ दिसते. दाद मागायला समोर कुणीतरी हवं, आणि ते कुणीतरी अधिकाऱ्यापेक्षा मोठं हवं.

जिथे पुतळा पोचला नाही तिथे नाणं पोचलं. तेलंगणात नलगोंडा जिल्ह्यात अक्कनपल्लीला रोमन चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला आहे. व्यापारी जहाजांतून आलेलं ते सम्राटाच्या चेहऱ्याचं नाणं दख्खनच्या बाजारात हातोहात फिरलं. आमच्या कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्रॉन्झ मूर्ती निघाली, ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. मूठभर उंचीची, पण उभं राहण्याची ऐट पाहून क्षणभर माणूस थबकतो.

त्या काळी दख्खनवर राज्य सातवाहनांचं. आणि त्यांना पुतळ्यांचं राजकारण कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. जुन्नरजवळ नाणेघाटात, कोकणातून वर येणाऱ्या व्यापारी वाटेच्या तोंडाशी एक लेणं आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती ओळीने कोरल्या होत्या आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव होतं: राजा सिमुक सातवाहन, राणी नागनिका आणि राजा श्री सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. बाजूच्या भिंतींवर नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे, त्यात यज्ञ आणि दानं यांची लांबलचक मोजदाद आहे. ही जागा देवळात नाही, राजवाड्यात नाही, जकात भरायच्या वाटेवर आहे. घाट चढून दमलेल्या व्यापाऱ्याला पहिल्यांदा दिसावं ते हेच, की वाट कुणाची आहे. आज त्या मूर्ती नाहीत. वर नावं आहेत, आणि खाली भिंतीच्या कडेला पावलांच्या खुणा. मी तिथे गेलो तेव्हा एका जोडीच्या बोटांवरून हात फिरवला. झिजलेला, गार दगड. मधला माणूसच गेलेला.

नाणेघाट इथे आणायचं कारण असं, की टँक बंडवरच्या पुतळ्यांच्या रांगेत एक पुतळा शालिवाहनाचा आहे. आपल्या पंचांगातला शक ज्याच्या नावाने चालतो आणि परंपरा ज्याला सातवाहनांत मोजते तो शालिवाहन, पैठणचा म्हणून आपण सांगतो. तेलुगू माणूसही त्याला तितक्याच हक्काने आपला म्हणतो. गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात ते उगीच नाही.

ही रांग उभी राहिली १९८०च्या दशकात, एन. टी. रामाराव यांच्या काळात. पडद्यावर राम-कृष्ण साकारणाऱ्या या नटाने १९८२ मध्ये तेलुगू देशम पक्ष काढला, तेलुगू आत्मगौरवाची हाक दिली आणि १९८३च्या जानेवारीत ते मुख्यमंत्री झाले. दिल्लीपुढे तेलुगू माणूस कमी नाही, हे त्यांना रोज, प्रत्येक जाणाऱ्या-येणाऱ्याला दाखवायचं होतं. मग जुळ्या शहरांना जोडणाऱ्या या बांधावर तेहतीस पुतळे उभे राहिले. नन्नय, तिक्कन, एर्राप्रगड हे महाभारत तेलुगूत आणणारे तीन कवी, पोतन, वेमन, मोल्ला, अन्नमाचार्य, त्यागराज, काकतीयांची राणी रुद्रमा, श्रीकृष्णदेवराय, गुरजाड अप्पाराव, जाशुवा, श्रीश्री. सोबत गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह, सहावा निजाम महबूब अली खान, शायर मखदूम मोहिउद्दीन आणि गोदावरीवर धरण बांधणारा इंग्रज इंजिनिअर आर्थर कॉटनसुद्धा. यादी उदार होती. पण यादी कितीही उदार असली तरी ती कुणीतरी केलेली असते, आणि ज्याचं नाव राहून जातं त्याला ते वर्षानुवर्षं बोचत राहतं.

रामारावांचं मोठं स्वप्न मात्र पाण्यात होतं. न्यूयॉर्कला गेले असताना स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा पाहून, असं काहीतरी आपल्याकडे हवं, हे त्यांच्या मनाने घेतलं. आता ती स्वातंत्र्यदेवता तरी कोण? रोमनांची देवी लिबर्टास. तिच्या डोक्यावरचा किरणांचा मुकुट हा जुन्या सूर्यदेवाचा. म्हणजे रोमची प्रतिमा पॅरिसच्या शिल्पकाराकडून न्यूयॉर्कच्या बंदरात गेली आणि तिथून तिची प्रेरणा हुसेनसागरला आली. रामारावांनी देवता निवडली नाही, बुद्ध निवडला. अमरावती आणि नागार्जुनकोंड्याच्या भूमीत बुद्ध परका कधीच नव्हता.

भोनगीरजवळ रायगिरीला एकसंध ग्रॅनाइटचा खडक मिळाला. १९८५ मध्ये काम सुरू झालं. गणपती स्थपती यांच्या हाताखाली शेकडो कारागीर राबले आणि एकाच दगडातून ५८ फुटी बुद्ध उभा राहिला, वजन सुमारे ३५० टन. तो हैदराबादपर्यंत आणायला १९२ चाकांचा खास ट्रेलर लागला, आणि शहरात रस्ते रुंद करावे लागले. १९८८च्या नोव्हेंबरात मूर्ती तलावाशी पोचली. वर्षभरात, १९८९च्या अखेरीस रामाराव निवडणूक हरले. मूर्ती काठावर, मालक सत्तेबाहेर.

१० मार्च १९९० रोजी मूर्ती तराफ्यावर चढवून तलावाच्या मध्यावर न्यायला निघाले. काठापासून फार दूर गेलीही नव्हती, तेवढ्यात तोल गेला. मूर्ती कलंडली आणि पाण्यात गेली, सोबतची माणसंही गेली. त्यात कामगारांचे जीव गेले. ज्यांनी या बुद्धाला खांदा दिला त्यांच्यासाठी तिथे दोन मिनिटं थांबावं, असं मला दर वेळी वाटतं. पुढची जवळजवळ पावणेतीन वर्षं बुद्ध तलावाच्या तळाशी गाळात आडवा होता. शेवटी मूर्ती अभंग वर काढली गेली आणि १ डिसेंबर १९९२ रोजी मधल्या चौथऱ्यावर उभी राहिली. तोवर सरकार काँग्रेसचं होतं. ज्या पक्षाने रामारावांना हरवलं त्याच पक्षाच्या राजवटीत त्यांचं स्वप्न उभं राहिलं. चौदा वर्षांनी, २००६ मध्ये, दलाई लामांनी तिथे पूजा केली. आता बोटीतून जाणाऱ्या पोरांना हा बुद्ध कोणत्या पक्षाचा, हा प्रश्नच पडत नाही.

मालक गेला आणि मूर्ती राहिली, तर काय होतं, याची सगळ्यात थोर गोष्ट रोमचीच आहे. सम्राट नीरोने आपल्या सुवर्णप्रासादासमोर झेनोडोरस नावाच्या शिल्पकाराकडून ब्रॉन्झचा महाकाय पुतळा करवला, उंची शंभर फुटांवर. इ. स. ६८ मध्ये नीरोने आत्महत्या केली, राजवाडा पाडला गेला, पण एवढा पुतळा वितळवणार कोण? सम्राट व्हेस्पेशियनने त्याला सूर्यदेव करून टाकलं. पुढे हेड्रियनला त्याच जागी देऊळ बांधायचं होतं, म्हणून त्याने हा पुतळा उभाच्या उभा, २४ हत्ती लावून सरकवला. १९२ चाकांचा ट्रेलर आठवला की मला नेहमी ते २४ हत्ती दिसतात. मग सम्राट कोमोडसने त्याचं डोकं बदलून स्वतःचं बसवलं आणि स्वतःला हर्क्युलीस म्हणवून घेतलं. कोमोडसचा खून झाल्यावर पुतळा पुन्हा सूर्य झाला. एकच धड, आणि मुंडकं राजकारणाप्रमाणे बदलत गेलेलं. तो कोलोसस आज उरलेला नाही, पण शेजारच्या अँफिथिएटरला कोलोसियम हे नाव त्याच्यावरूनच पडलं.

पुतळा फोडणं ही रोमनांकडे नुसत्या संतापाची बाब नव्हती, त्याची रीतसर पद्धत होती. सीनेटने एखाद्याला नामशेष ठरवलं की त्याचे पुतळे उतरवायचे, शिलालेखांतून नाव खरवडायचं, चेहरा कोरून दुसऱ्याचा करायचा. सम्राट डोमिशियन मेल्यावर लोकांनी त्याच्या पुतळ्यांवर कुऱ्हाडी कशा चालवल्या, जणू प्रत्येक घावाने रक्त निघणार होतं, हे धाकट्या प्लिनीने लिहून ठेवलं आहे. सम्राट काराकाल्लाने स्वतःचा भाऊ गेटा याला मारलं आणि सेप्टिमियस सिव्हेरसच्या कमानीवरच्या लेखातून त्याचं नाव काढून तिथे दुसरी विशेषणं बसवली. पण ब्रॉन्झची अक्षरं जिथे खिळ्यांनी बसवली होती ती भोकं दगडात राहिली. त्या भोकांवरून खालचं नाव आजही वाचता येतं.

१० मार्च २०११. बुद्ध बुडाला त्याच तारखेला, एकवीस वर्षांनी, वेगळ्या तेलंगणासाठी 'मिलियन मार्च' टँक बंडवर आला. पोलिसांनी रस्ते अडवले होते, तरी हजारो माणसं पोचली. संध्याकाळपर्यंत रांगेतले दहाहून अधिक पुतळे उखडले गेले, काही तलावात ढकलले गेले. आंदोलकांचा आरोप असा होता की ही रांग आंध्र आणि रायलसीमेच्या माणसांनी भरलेली आहे, आणि ज्यांच्या जमिनीवर ती उभी आहे त्या तेलंगणाला तिच्यात वाटा नगण्य. जे पडले त्यांत श्रीकृष्णदेवराय होते, अन्नमाचार्य होते, श्रीश्री होते. आणि जाशुवाही होते, जन्मभर अस्पृश्यतेची आग कवितेत मांडणारा कवी. या एका नावापाशी मला आजही गलबलून येतं. आंदोलनाची तक्रार खरी होती, असं मी मानतो. तरीही ज्या कवीने नाकारलेल्यांची बाजू घेतली तो नाकारलेल्यांच्याच रागाखाली यावा, हे दुःख त्या तक्रारीने हलकं होत नाही.

दुसऱ्या बाजूला मखदूम राहिले, महबूब अली खान राहिले, कारण ते इथले. रोममध्येही असंच घडलं होतं. मार्कस ऑरेलियसचा घोड्यावरचा ब्रॉन्झ पुतळा मध्ययुगात वितळवला गेला नाही, कारण लोकांना तो ख्रिस्ती झालेला सम्राट कॉन्स्टंटाइन वाटला. ओळख चुकली म्हणून तो वाचला, आणि १५३८ मध्ये कॅपिटोलिन टेकडीवर मायकलअँजेलोच्या चौकात जाऊन बसला. आज तिथे प्रतिकृती आहे, मूळ पुतळा आत संग्रहालयात.

टँक बंडवरचे पडलेले पुतळे नंतर सरकारने पुन्हा उभारले. पुढे आदिवासी नेते कोमरम भीम यांचाही पुतळा या रस्त्यावर आला. २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळं राज्य झालं, आणि तलावाच्या काठावर नव्या राज्याचा हात दिसू लागला.

त्यातला सगळ्यात मोठा हात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. त्यांच्या १२५व्या जयंतीला, १४ एप्रिल २०१६ रोजी, पायाभरणी झाली, म्हणून उंची १२५ फूट. खाली संसद भवनाच्या आकाराचा ५० फुटी चौथरा. १४ एप्रिल २०२३ रोजी मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी अनावरण केलं, प्रमुख पाहुणे होते प्रकाश आंबेडकर. आत पोलादी सांगाडा, बाहेर ब्रॉन्झचं आवरण. शिल्पकार राम सुतार, मूळचे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. १९५०च्या दशकात हेच सुतार पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या लेण्यांतल्या तुटक्या मूर्ती दुरुस्त करत होते. तेव्हा औरंगाबाद अजून हैदराबाद राज्यातच होतं, १ नोव्हेंबर १९५६पर्यंत. ज्या राज्यात या मराठी हातांनी मोडलेली बोटं, नाकं जुळवली, त्याच राज्याच्या जुन्या राजधानीत त्यांनी इतकी वर्षं मध्ये गेल्यावर हा पुतळा उभा केला.

या पुतळ्यापाशी मी पाहुण्यांना सर्वात जास्त वेळ थांबवतो. वर उचललेला उजवा हात बघा, प्रिमा पोर्ताच्या ऑगस्टससारखा. पण ऑगस्टस सैन्याला हुकूम देतो आहे, इथलं बोट नागरिकांना दिशा दाखवतं. डाव्या हातात भाला नाही, संविधान आहे. आणि पाय? ऑगस्टसचे अनवाणी, देव दिसावा म्हणून. बाबासाहेबांच्या पायात बूट आहेत, माणूस म्हणून. ज्यांच्या वाडवडिलांना गावातल्या वरच्या आळीतून जाताना चपला हातात घ्याव्या लागत, त्यांना त्या बुटांचा अर्थ पाटी न वाचता कळतो. कोल्हापूरच्या बिंदू चौकात भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने १९५० साली महात्मा फुले आणि आंबेडकर यांचे अर्धपुतळे बसले, तेही बाबासाहेबांच्या हयातीत. ते आजही पाहावेत. एका चौकातल्या त्या साध्या चौथऱ्यापासून संसदेच्या आकाराच्या चौथऱ्यापर्यंतची वाट किती मोठी आहे, हे ते पाहिल्यावर उमगतं.

शहराबाहेर मुचिंतलला रामानुजाचार्यांची २१६ फुटी बसलेली मूर्ती २०२२ पासून आहे, ती पाहायला वेगळा दिवस काढावा. काठावरची गोष्ट मात्र अजून संपलेली नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी नव्या सरकारने सचिवालयाच्या आवारात तेलंगण तल्ली, म्हणजे तेलंगण मातेचा नवा पुतळा बसवला. आंदोलनाच्या काळातल्या मातेच्या डोक्यावर मुकुट होता, हातात बतुकम्मा, म्हणजे सणातली फुलांची रास, होती. नव्या मातेला मुकुट नाही, बतुकम्मा नाही. तिने साधी हिरवी साडी नेसली आहे आणि उजवा हात अभय देतो आहे. एका बाजूने म्हटलं, ही कष्टकरी आई, राणी नव्हे. दुसऱ्या बाजूने म्हटलं, आमच्या लढ्याची खूण पुसली. व्हेस्पेशियन, कोमोडस यांच्या काळातला रोमन माणूस या वादात उभा राहिला असता तर त्याला दुभाषा लागला नसता.

पाडव्याच्या सकाळी सिकंदराबादहून मी लवकर निघतो. टँक बंडवर गर्दी नसते, शेवंतीच्या माळा घेऊन बायका देवळाकडे जात असतात. शालिवाहनापाशी थांबून मी आधी त्याच्या पावलांकडे बघतो. नाणेघाटात जिथे बोटं थांबली होती, तिथून वरचं सगळं इथे आहे: पोटऱ्या, कंबर, छाती, खांदे, चेहरा. हा चेहरा नाणेघाटच्या मूर्तीचा नाही, कुणी पाहिलेलाही नाही. चौथऱ्यावर रात्रीच्या दवाचा ओलावा असतो, आणि पलीकडे पाण्यात बुद्धाचा हात उजळू लागलेला असतो.